ठोकण्यास सक्त मनाई

पेटीवाल्याला त्याच्या ऑफिसात कुणी साहेब म्हणत नसे. तिथे त्याचं नाव 'बॅटरी' पडलं होतं, कारण बॅटऱ्या बदलणं हेच त्याचं काम. बारा शेतांत बारा पेट्या पुरलेल्या होत्या. महिन्यातून एकदा प्रत्येक शेतावर जायचं, खड्ड्यावरचं झाकण उचलायचं, मुंग्या झाडायच्या, बॅटरी आणि मेमरी कार्ड बदलायचं आणि पुढच्या शेताला लागायचं. हे तो अकरा वर्षं कंत्राटावर करत होता. कंत्राट संपायच्या महिन्यात दर वर्षी त्याला जेवण जात नसे, आणि दर वर्षी ते कसंबसं वाढत असे.

पेट्यांचं काम मात्र मोठं होतं. जमीन कधीच गप्प नसते. लांबच्या रस्त्यावरचे ट्रक, झाडं हलवणारा वारा, शेकडो कोसांवर किनाऱ्याला आपटणारा समुद्र, या सगळ्यांची बारीक थरथर मातीतून सतत पळत असते. खाली पाणी भरलेलं असलं की ही थरथर जराशी रेंगाळते. पाणी उतरलं की तिचा वेग वाढतो. ऑफिसातल्या मॅडम पेट्यांनी टिपलेली आजची थरथर कालच्या थरथरीशी ताडून बघत आणि कुणाच्या शेताखालचं पाणी किती हात खाली गेलं हे विहिरीत न डोकावता सांगत. ज्यांच्या शेतात पेटी, त्यांना महिन्याला एक तक्ता मिळे: मोटर कोणत्या वारी चालवा, कोणत्या वारी बंद ठेवा. तक्ता पाळणाऱ्यांच्या विहिरी सलग दोन उन्हाळे टिकल्या होत्या. त्यामुळे पेटी आपल्याकडे असणं हा त्या भागात मान झाला होता. शेजारपाजारचे वाट वाकडी करून तक्ता वाचायला येत.

सात नंबरची पेटी घराला लागून होती. आधी ती उघड्या रानात होती, पण तिथली बॅटरी दोनदा चोरीला गेली, तेव्हा तिला गोठ्यामागे हलवलं. तिथून घराच्या मागच्या खोलीची भिंत सात-आठ पावलांवर. घरात माणसं तीनच: नवरा, बायको आणि नवऱ्याचे वडील. वडिलांना सगळे मुकादम म्हणत. विहिरी खणणाऱ्या टोळीवर त्यांनी तीस वर्षं मुकादमी केली होती, आणि हातात काठी नसलेले मुकादम कुणी पाहिले नव्हते. ती काठी दगडावर चालायची तशी माणसांवरही चालायची. दोन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात राहिला आणि काठी राहिली.

खाटेवर पडल्या पडल्या ते काठी फरशीवर ठोकत. एक ठोका म्हणजे पाणी. दोन म्हणजे लघवीचं भांडं. तीन म्हणजे ये. आणि ठोक्यांची रांगच लागली तर काहीच नको असे. कुणीतरी हातातलं काम टाकून उठावं, एवढंच हवं असे.

त्या घरी पेटीवाला साहेब होता. त्याची गाडी थांबली की सून खुर्ची फडक्याने पुसून अंगणात आणून ठेवी. चहाबरोबर बशीत बिस्किटं येत. मुकादमांचा मुलगा, पंचेचाळिशीचा, हळू बोलणारा, खाली बघून चालणारा माणूस, खुर्चीशेजारी उभा राही. स्वतः बसत नसे.

एकदा पेटीवाला नवीन कार्ड चालतंय का हे तपासायला लॅपटॉप उघडून बसला होता. पडद्यावर केसासारखी बारीक रेघ थरथरत होती आणि मधूनमधून तिच्यातून टोकदार सुळके उठत होते. सून चहा ठेवायला वाकली ती तशीच थांबली.

"हे उभे उभे कसले?"

"जवळपास कुणीतरी काहीतरी आपटलं की उठतात."

तिने खालची वेळ वाचली. आतून ठक आवाज आला आणि पडद्यावर एक सुळका उठला. तिने तोंडावर हात ठेवला. "अगं बाई, हे तर मामंजी!"

तिला हसू आवरेना. पेटीवाल्याने जुनं कार्ड लावून दाखवलं, तशी चहा तसाच ठेवून ती कालच्या दिवसाचे सुळके बोटाने मोजू लागली. पेटीवाल्याने तिच्यासाठी पडद्यावरची पट्टी पुढे सरकवली, मग आणखी पुढे. मोजता मोजता तिचं हसू कधी गेलं ते त्याला कळलं नाही.

"दोनशे बारा," ती म्हणाली. मग तिने नवऱ्याला हाक मारली. "इकडे या. बघा. मी सांगत होते तर तुम्हाला वाटायचं, राईचा पर्वत करते. आता मशीन सांगतंय. एका दिवसात दोनशे बारा वेळा."

मुलाने पडद्यात डोकावून बघितलं. "दोनशे बारा," तो म्हणाला, पोत्याचं वजन वाचावं तसं.

"तुमच्या कामाला याने काही होत नाही ना, साहेब?" तिने विचारलं.

खरं उत्तर पेटीवाल्याला पाठ होतं. कामावर लागला त्याच आठवड्यात त्याला ते सांगितलं होतं. असे मोठे धक्के कॉम्प्युटर सगळ्यांत आधी छाटून टाकतो, हेअर कटिंगमध्ये केस छाटावेत तसे, आणि उरलेल्या बारीक थरथरीवर काम करतो. दोनशे ठोके असोत की दोन हजार, पाण्याच्या हिशेबात काडीचा फरक पडत नाही. पण खुर्ची पुसलेली होती, नवरा उभा होता, बायको उत्तराची वाट बघत होती. 'काही होत नाही' हे उत्तर फारच छोटं होतं.

"होतं तर," तो म्हणाला. "रेकॉर्ड खराब होतो. मॅडम फार चिडतात. असंच चाललं तर पेटी इथून हलवावी लागेल."

मग त्याने चहात बिस्किट बुडवलं. आठव्या शेतावर पोचेपर्यंत आपण काय बोललो ते तो विसरूनही गेला होता.

पुढच्या महिन्यात तो आला तेव्हा काठीच्या टोकाला सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळून वर सुतळी बांधलेली होती. सून लॅपटॉप उघडायची वाटच बघत होती. "कमी झालं ना, साहेब?" सुळके खरंच बुटके झाले होते. पेटीवाल्याला क्षणभर आठवेना की हे कशाबद्दल चाललंय. आठवलं तेव्हा त्याला जरा मौज वाटली. "छान," तो म्हणाला. पण सुनेचं समाधान झालं नाही. तिने पडद्यावर नख टेकवलं. "हे बघा, इथे अजून दिसतंय. आणि इथे."

तिसऱ्या महिन्यात काठी नव्हती. मुकादम डाव्या पायाची टाच खाटेच्या पट्टीवर आपटू लागले, म्हणून टाचेखाली उशी बांधली होती. मग त्यांनी भिंतीवर मूठ मारायला सुरुवात केली, म्हणून खाट भिंतीपासून दोन हात पुढे ओढली होती. बॅटरी घेऊन मागच्या बाजूने जाताना पेटीवाल्याला खिडकीतून खोली दिसली. म्हाताऱ्याचं डावं मनगट जुन्या मऊ धोतराच्या पट्टीने खाटेच्या चौकटीला बांधलेलं होतं. म्हातारा जागा होता. त्याने मान वळवली आणि पेटीवाल्याकडे बघितलं. नजर विनवणीची नव्हती. कामावर उशिरा आलेल्या माणसाकडे मुकादम बघतो तशी होती.

"ओरबाडून घेतात हो स्वतःला," कुणी विचारायच्या आतच सून म्हणाली.

मुलगा गाडीपर्यंत सोडायला आला. चालता चालता तो आपणहून बोलू लागला, आणि हे नवीन होतं.

"आमच्या घरात जेवताना आवाज करायची बंदी होती, साहेब. वाटी ताटाला लागली की पाठीत काठी. ताई तर चावायचीसुद्धा हळू. मी सात वर्षांचा असताना एकदा रडत होतो कशासाठी तरी. मला अर्धवट खणलेल्या विहिरीत उतरवलं आणि शिडी वर ओढून घेतली. गप्प बसलास की काढतो, म्हणाले. मग मी गप्प बसलो. आवाजच नाही म्हटल्यावर त्यांच्या लक्षातच राहिलं नाही."

"मग?"

"मग काय? अंधार पडायच्या वेळी ताईने शोधलं." तो किंचित हसला. "आता किती शांत वाटतं ना घरात?"

पेटीवाला 'हो' म्हणाला.

त्याच महिन्यात ऑफिसात बैठक झाली. मॅडमनी बाराही पेट्यांचे कच्चे रेकॉर्ड भिंतीवर दाखवले आणि सातव्यापाशी थांबल्या. "हे बघा. घराला चिकटून पेटी, आणि रेकॉर्ड आरशासारखा. काय केलंत हो?"

सगळ्यांच्या माना पेटीवाल्याकडे वळल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदाच. "समजावलं त्यांना," तो म्हणाला. "घरात आदळआपट करू नका म्हटलं."

मॅडम हसल्या. "तशी काही गरज नव्हती. ठोके आपण छाटतोच. पण माणूस मन लावून काम करतो, हे दिसतं." बाकीचेही हसले. त्या आठवड्यात क्लार्कने त्याला चहाच्या टपरीवर हळूच सांगितलं की कायम करायच्या यादीत त्याचं नाव गेलंय.

त्या दिवशी घरी जाताना त्याला आनंद झाला, आणि त्या आनंदात बारीक खडा लागत राहिला. खिडकीतलं ते मनगट डोळ्यांसमोरून हलेना. त्याने ठरवलं, या खेपेला सांगून टाकायचं. आपलंच चुकलं म्हणायचं, आणि काठी परत द्या म्हणायचं. एवढं काय, दोन वाक्यांचं तर काम.

चौथ्या खेपेला सून दोरीवर कपडे वाळत घालत होती. ती त्याला एकदम तरुण दिसली. डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली होती, आणि ती काहीतरी गुणगुणत होती.

"वहिनी, एक सांगायचं होतं," तो म्हणाला. "ठोके असले तरी चालतात म्हणे. काठी दिलीत परत तरी हरकत नाही."

तिने एक चादर पिळली, झटकली, दोरीवर टाकली. "म्हणे म्हणजे? कोण म्हणे?"

"मॅडम."

"आणि तुम्हाला आधी माहीत नव्हतं?"

तिने चादरीच्या कडा सारख्या केल्या, चिमटे लावले, आणि मग शांतपणे बोलली.

"साहेब, मला या घरात येऊन एकोणीस वर्षं झाली. आधी मामंजी धडधाकट होते तेव्हा ओरडायचे, मग काठी ठोकायला लागले. गेले तीन महिने मी दुपारचं जेवण एका बैठकीत जेवते. पोटभर. तुम्हाला हसू येईल, पण मला माझ्या हातची चव आत्ता कळली. त्यामुळे हे जे मला सांगितलंत, ते ह्यांना सांगू नका."

"पण वहिनी, म्हाताऱ्या माणसाला असं..."

"त्यांना वेळेवर पाणी देते, वेळेवर पुसते. एक दिवस चुकलेलं नाही." तिने रिकामी बादली उचलली. "आणि हे मी नव्हते म्हणाले हो, पेटी हलवावी लागेल म्हणून. तुम्ही म्हणालात."

ती आत गेली. पेटीवाला गोठ्यामागे गेला तर मुलगा खड्ड्यापाशी उकिडवा बसला होता. त्याने झाकण आधीच उचलून ठेवलं होतं आणि मुंग्याही झाडल्या होत्या.

"साहेब, एक काम होतं. ताई येणार आहे रविवारी. तिला कुणीतरी जाऊन सांगितलं की भावाने बापाची काठी काढून घेतली. ती भांडेल. तुम्ही जरा कागदावर लिहून दिलंत तर बरं होईल. की हे मशीनसाठी आहे, ऑफिसचा नियम आहे."

"तसा काही लेखी नियम नाही."

"तुम्हीच म्हणालात ना?" त्याच्या आवाजात धमकी नव्हती, तक्रारही नव्हती. "शिक्का असेल तर उत्तमच. ताई शाळेत शिपाई आहे. शिक्क्याला मानते."

हीच वेळ होती. पेटीवाल्याला नंतर कितीदा तरी वाटलं की त्या क्षणी 'ते मी उगाच बोललो होतो' एवढे पाच शब्द जास्तीचे बोललो असतो तर संपलं असतं. पण मग तो साहेब कुठला? आणि ही गोष्ट फिरत फिरत मॅडमच्या कानावर गेली, की घराघरांतून खोटे नियम सांगत फिरतो, तर यादीतलं नाव? अकरा वर्षं घासून घासून ते नाव तिथपर्यंत पोचलं होतं.

गाडीत बॅटरी पोचल्याच्या पावत्यांचं पुस्तक होतं आणि शिक्का होता. त्याने बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं: 'सूचना. या ठिकाणी शास्त्रीय मोजणी चालू आहे. जमीन, भिंत अगर फरशी ठोकण्यास सक्त मनाई आहे.' 'अगर' हा शब्द आपल्याला कसा सुचला याचं त्याला नवल वाटलं, आणि खरं सांगायचं तर तो त्याला आवडलाही. शिक्का जरा तिरका उमटला.

मुलाने तो कागद मागच्या खोलीच्या दाराला चिकटवला. आतल्या बाजूने, खाटेसमोर.

"बाहेरून नको का?" पेटीवाल्याने विचारलं.

"बाबांना वाचता येतं," मुलगा म्हणाला, आणि त्याने कागदाचे कोपरे अंगठ्याने नीट दाबून बसवले.

पाचव्या खेपेला सगळं ठीक होतं. ताई येऊन गेली होती आणि भांडण झालं नव्हतं. पेटीवाल्याने पुढच्या महिन्याचा तक्ता दिला: सोमवार, बुधवार, शनिवार मोटर, बाकीचे वार बंद. खिडकीकडे त्याने बघितलं नाही. खड्ड्याकडे जायला गोठ्याच्या पलीकडूनही वाट होती. जरा लांबची होती एवढंच.

सहाव्या खेपेला अंगणात चपला जास्त होत्या आणि खुर्ची पुसलेली नव्हती. मुलगा पायरीवर बसला होता.

"बाबा गेले, साहेब. नऊ दिवस झाले. मंगळवारी, दुपारी, झोपेतच."

पेटीवाल्याने अशा वेळी म्हणतात ते म्हटलं. सुटले बिचारे, असंही म्हटलं. ताई आली होती, आत आवराआवर करत होती. तो बॅटरी घेऊन मागे गेला. या वेळी जवळच्या वाटेने. खोलीची खिडकी उघडी होती, खाट उभी करून भिंतीला टेकवलेली होती.

त्याने कार्ड काढलं. ते डबीत घालून निघता आलं असतं. पण त्याने लॅपटॉप उघडला, खड्ड्याच्या काठावर बसला आणि नऊ दिवस मागे गेला.

सकाळभर रेघ सरळ होती. साडेअकराला गाडी निघून गेल्याच्या खुणा होत्या. एक वाजून वीस मिनिटांनी एक रुंद, बसका धक्का होता, भरलेलं पोतं जमिनीवर पडावं तसा. त्यानंतर दहा मिनिटं काही नाही. मग छोटे छोटे सुळके. उशी नाही, धोतराची पट्टी नाही, सरळ फरशीवर. एक. बऱ्याच वेळाने पुन्हा एक. दोन. मग एक, एक, एक. तीन.

"आम्ही बियाणं आणायला बाजारात गेलो होतो," मागून सुनेचा आवाज आला. ती चहाचा कप घेऊन उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. पट्टी कशी वाचायची हे आता तिला त्याच्याइतकंच येत होतं. "हात त्या दिवशी सैल बांधला गेला असेल. मीच बांधला होता."

पेटीवाल्याने पट्टी पुढे सरकवली. दोन वाजले. तीन. सुळके लहान होत होते पण थांबत नव्हते. साडेचारला गाडीची घरघर आणि मग पावलं, दोन माणसांची.

"हे आम्ही," ती म्हणाली.

पावलं स्वयंपाकघरापर्यंत गेली आणि विरली. आणि त्याच्यापुढे पुन्हा तीन सुळके. थोड्या वेळाने तीन. पुन्हा तीन.

पेटीवाल्याने मान वर करून तिच्याकडे बघितलं. "तुम्ही घरात होतात."

"होते." तिने कप खड्ड्याच्या झाकणावर ठेवला. "मी म्हटलं, बघून येते. हे म्हणाले, चहा टाक आधी. मी चहा टाकला. हे म्हणाले, बिस्किटं आहेत का? होती. बशीत काढून दिली. हे जेवल्यासारखे एकेक करून खात बसले. मी पुन्हा उठले तर म्हणाले, बस. एवढंच. आवाज चढवून नाही म्हणाले. त्यांनी आयुष्यात कधी आवाज चढवला नाही."

"आणि तुम्ही बसलात?"

"बसले."

पाच वाजता पडदा एका जाड काळ्या पट्ट्याने भरून गेला. त्यात सुळके असोत नसोत, काहीच वेगळं दिसेना. पेटीवाल्याला तो पट्टा ओळखायला क्षणभरही लागला नाही. मोटर. आणि वार मंगळवार. तक्ता त्याने स्वतःच्या हाताने आणून दिला होता.

"त्या दिवशी मोटरीचा वार नव्हता," तो म्हणाला.

"नव्हता."

"मग पाणी कशाला..."

"पाणी कशालाच नाही. ह्यांनी उठून चालू केली, एवढंच. वाफे भरून बांधावरून वाहत होतं. शेजारचे सांगायला आले तेव्हा सात वाजता बंद केली."

सातनंतरची रेघ पुन्हा बारीक होती, सरळ, मॅडमना आवडेल अशी. पाच आणि सात यांच्यामध्ये, त्या काळ्या पट्ट्याखाली, म्हातारा किती वेळ ठोकत होता हे कुणाला सांगता आलं नसतं. पट्टा बाजूला सारून खालचं वाचायची युक्ती मॅडमच्या कॉम्प्युटरला कदाचित आली असती. पण त्यांना तसं कुणी विचारायला हवं होतं.

"हे ऑफिसात दिसतं?" सुनेने विचारलं.

"दिसलं तरी बघत नाही कुणी. तिथे आधी हेच छाटतात."

"मग चहा घ्या. गार होतोय."

त्याने घेतला. निघताना घराला वळसा घालून अंगणात आला तर ताई दारातच उभी होती. पन्नाशीची, पांढऱ्या केसांची, उंच. तिने त्याच्याकडे पाठीवर पिशवी घेऊन दारोदार फिरणाऱ्या माणसाकडे बघावं तसं नाही, तर डॉक्टरकडे बघावं तसं बघितलं.

"तुम्हीच ना ते पेटीवाले साहेब? जरा थांबता? एक विचारायचं होतं."

तो थांबला. मुलगा पायरीवर होता तिथेच होता, आपले तळवे बघत. सून कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"तुमच्या पेटीत सगळं उमटतं म्हणतात. पाऊल वाजलं तरी," ताई म्हणाली. "आमच्या बाबांचं काही उमटलं असेल का हो? त्या दुपारचं? भाऊ म्हणतो झोपेत गेले. पण मला खाटेखाली फरशीवर त्यांची शाल सापडली, आणि तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. त्रास झाला का त्यांना, एवढंच हवंय."

मुलाने मान वर केली. इतक्या महिन्यांत पेटीवाल्याने त्याचे डोळे पहिल्यांदा नीट बघितले. त्यांत भीती नव्हती. उत्सुकता होती, जणू आता काय उत्तर येतं हे त्यालाही ऐकायचं होतं.

"एवढं बारीक उमटत नाही, ताई," पेटीवाला म्हणाला. "पेटी पाण्यासाठी आहे."

ताईने श्वास सोडला आणि चौकटीला टेकली. "बरं झालं सांगितलंत. माझ्या मनात ना, नाही नाही ते येत होतं. तुम्हाला म्हणून सांगते. त्या रविवारी मी गाडी करून आले होते, बाबांना न्यायला. माझ्याकडे खालची खोली रंगवून घेतली होती, खिडकीशी खाट टाकली होती, दिवसभर बसायला एक बाईसुद्धा बघून ठेवली होती. मला वाटलं, हा सूड घेतोय बाबांवर. घ्यावासा वाटावा असंच होतं आमचं लहानपण, मी काय सांगू? आणि आत गेले तर दाराला तुमचा कागद. शिक्का बघितला आणि मला माझीच लाज वाटली. म्हटलं, सगळ्या शेतकऱ्यांच्या पाण्याचं काम आहे, थोडे दिवस आवाज नाही केला तर काय होतंय? बाबा माझा हात सोडत नव्हते. मीच सोडवून घेतला. जाताना भावाची माफी मागितली." ती मागे वळली. "मागितली की नाही रे?"

"मागितलीस," मुलगा म्हणाला.

पेटीवाल्याने पावतीचं पुस्तक पुढे केलं. बॅटरी एक, कार्ड एक. मुलाने सही केली आणि नेहमीसारखा गाडीपर्यंत आला.

"साहेब, पेटी राहील ना इथेच?"

"राहील."

"मागची खोली रिकामीच आहे आता. तुमचं सामान ठेवायचं असेल तर ठेवा. बॅटऱ्या वगैरे. दर वेळी शहरातून ओझं कशाला आणता?"

पेटीवाला गाडीत बसला. पण खोली कोरडी होती, दाराला कुलूप होतं, आणि आठ ते बारा नंबरची शेतं तिथूनच पुढे होती. दोन महिन्यांनी कायमची ऑर्डर हातात पडली, त्या खेपेला त्याने चार बॅटऱ्या तिथे भिंतीशी रांगेत लावून ठेवल्या. सुनेने त्यांच्यावर धूळ बसू नये म्हणून एक जुनी शाल घातली.